आज मासा न्हाई

तुमी स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला इचारलं, लातूरात मासा चांगला कुठं मिळतो, आन् त्यानं तुमाला इथं आनून सोडलं, बराबर ना? बसा मग ताई. आज मासा न्हाई. दाराजवळ पाटी हाय ती वाचली न्हाई का तुमी? बोर्ड वाचून आत आलात, पाटी कोनी वाचत न्हाई. पिठलं हाय, ज्वारीची भाकर हाय, वांगं हाय, ठेचा हाय. जेवा आन् काय इचारायचं ते इचारा, वही काढलीत तर लिहून बी घ्या. मासा न्हाई मनून जो उठून जातो त्याला मी आडवत न्हाई, आन् जो बसतो त्याला उपाशी ठिवत न्हाई.

माझं नाव सोजराबाई. आमी जातीनं भोई, गाव कंधारच्या खाली, मन्याड नदीच्या काठाला. माझा बाप जाळं टाकायचा, आन् त्याचा बाप म्हंजी माझा आजा, त्यो जाळं बी टाकायचा आन् पानी बी व्हायचा, कावडीनं, कंधारच्या पेठेत. तवा नळ कुठले आलेत. येपाऱ्याच्या घरी, बामनाच्या घरी, महादेवाच्या देवळात, समद्यांकडं भोयाच्या हातचं पानी चालायचं, सोवळ्यात चालायचं. आज्याच्या खांद्यावर कावडीचा घट्टा व्हता सुपारीएवढा, मी लहानपनी त्याच्यावर बोट दाबून बगायची आन् इचारायची, दुखतं का, तर त्यो मनायचा, आता दुखत न्हाई, आता ते हाडच झालं. हे आज्याचं ध्यानात ठिवा, पुढं त्याचं काम हाय.

बहात्तरचा दुष्काळ पडला तवा मी परकरात व्हते. लोकाला वाटतं दुष्काळ पडला की मासा लगेच संपतो. न्हाई हो. आधी लई होतो. पानी आटत जातं तसा मासा एका डोहात गोळा व्हतो, टोपलं बुडवलं की भरून वर येतं, लेकरं हातानं धरतेत. चार दिवस गावात घरोघरी मासाच मासा, आन् मग वर्स-दोन वर्स काई न्हाई. माझा बाप शेवटच्या डोहाकडं जाळं घिऊन जायचा न्हाई. आमच्यात दस्तूर हाय, शेवटच्या डोहात मरळीचा एक जोडा सोडायचा, उपाशी मरायची पाळी आली तरी त्याला हात लावायचा न्हाई. मरळ चिखलात दबून राहती, वरून चिखल तडकला तरी आत जिती राहती, आन् पानी आलं की समद्यात आधी ती वर येती. बाप रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकर नुसत्या मिठासंगं खायचा आन् मनायचा, आपलं पोट आज भरंल, नदीचं पोट कोन भरनार? लोक त्याला येडा मनायचे. मी बी मनायची, मला भूक लागलेली असायची ना.

पुढच्या साली लग्न झालं आन् लातूरला आले. तवा लातूर म्हंजी उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पन धान्याचा मोंढा मोठा. मालक मोंढ्यात हमाल. चांगलं चालून राहिलं व्हतं, लेक शांता झाली, मग एक दिस मालक पोत्याच्या थप्पीवरनं पडले आन् कंबर गेली ती गेलीच. बसून काम जमायचं, वझं उचलायचं जमंना. घरात कोनी कमावनारं न्हाई, तवा मी भावाला निरोप धाडला, लक्षुमन्या, मासा पाठव. त्यो मन्याडच्या धरनावर जाळं टाकायचा आन् कंधारहून पहिल्या एसटीच्या टपावर टोपलं चढवून द्यायचा, ओलं पोतं गुंडाळून. हितं स्टँडवर हमाल लोक त्या टोपल्याला हात लावायचे न्हाईत. मनून मी काष्टा खोचून शिडीनं टपावर चढायची आन् डोक्यावर टोपलं घिऊन उतरायची, सगळं स्टँड बगत राहायचं. कंडक्टर मनायचा, बाई, वास येतो. मी मनायची, दादा, तुमच्या गाडीच्या धुरापरीस कमीच येतो.

मग लातूरचा जिल्हा झाला. ढोल वाजले, पेढे वाटले, आन् कचेऱ्या आल्या. कचेऱ्या आल्या तशी मानसं बी आली बदलीवर, रत्नागिरीची, मालवनची, अलिबागची. ही बिचारी सांजच्याला गंजगोलाईच्या बाजारात गोल गोल फिरायची आन् दुकानदाराला हळू आवाजात इचारायची, इथं मासे कुठं मिळतात हो? जसं काई दारू इचारून राहिलेत. दुकानदार कपाळाला आठ्या घालून मान हलवायचा. मला वाटलं, सोजरे, टोपलं घिऊन दारोदार फिरतीस त्यापरीस शिजवून घाल की.

जागा अप्पांची. अप्पा म्हंजी आमच्या गल्लीतले लिंगायत येपारी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, सकाळी पूजा झाल्याबिगर पानी पीत नसत. त्यांचा रस्त्याकडंला एक पत्र्याचा गाळा रिकामा व्हता. मी गेले, पदर सावरून उभी राहिले, मनलं अप्पा, माशाची खानावळ घालायची हाय. अप्पांनी आधी गाळ्याकडं बगितलं. मग मनले, सोमवारी मासा शिजवायचा न्हाई, आन् घान पानी गल्लीत सोडायचं न्हाई, बाकी तू आन् तुझं नशीब. मी हाव मनलं. आता गल्लीतले बाकीचे शाने मला शिकवाया आले. मनले, म्होरं चहा-फराळाचा बोर्ड लाव, आन् ज्याला मासा पायजे त्याला मागच्या दारानं दे, झाकलेलं बरं असतं. मालक बी मनले तसंच कर. मी मनलं, मागच्या दारानं चोर जातो, मी कामून जाऊ? गोलाईजवळ बाबूभाई पेंटर व्हते, तीन पिढ्या बोर्ड रंगवनारं घर, त्यांच्याकडनं ह्यो बोर्ड लिहून घेतला, मासे मिळतील. बाबूभाईनं संगं मासा काढला त्याला भुवया काढल्या, पापन्या काढल्या. मी मनलं भाई, माशाला भुवया असतेत व्हय? ते मनले, बाई, लातूरात नवा हाय, जरा चांगला दिसू द्या.

आमच्यात पावना आला की मासा आधी परातीत घालून त्याला दावतेत आन् मगच कापतेत. पावन्यानं सोता कल्ला उघडून बगायचा. कल्ला आतून लाल पायजे, डोळा उभा पायजे, बसका नको. मी खानावळीत तेच चालू केलं. गिऱ्हाईक बसलं की परात म्होरं. कोनी नाक दाबायचं, कोनी दचकायचं. पन कोकनातली मानसं परात बगून हसायची, आपल्या घरातलं कोनी भेटल्यावानी.

त्यातले एक साहेब मालवनचे. टँकर, पानीपुरवठा, असलं बगनाऱ्या कचेरीत व्हते. एकटेच राहायचे, चाळिशीतला मानूस, चष्मा, लई हळू बोलायचे. पहिल्या दिवशी आले आन् उभ्यानंच इचारलं, मावशी, आज काय आहे? मी मनलं, वाम हाय, आन् ती बी दोघापुरतीच, उद्याचं उद्या बगू. ते लगेच पाट ओढून बसले. मग रोजचेच झाले.

एकदा ते सुट्टीला गावी गेले आन् येताना डब्यात बर्फ घालून, वरून भुसा भरून, दोन पापलेट घिऊन आले. मला मनले, मावशी, एवढे करून द्या. मी जिंदगीत समुद्र बगितला नव्हता. आमच्या कंधारच्या तळ्यालाच जुनी मानसं समुद्र मनतेत, तेवढाच माझा समुद्र. मी आपली रीत केली. आमच्या माशाला चिखलाचा वास असतो, मनून चुलीतली राख आन् मीठ लावून खसाखसा घासायचं, धुवायचं, पुन्यांदा राख लावायची, मग ताकात भिजत घालायचं. ते पापलेट लई नाजूक, घासता घासता सालपटं निघून राहिली, तरी मी सोडलं न्हाई, मला वाटलं साहेबाचा मासा हाय, जरा जास्तच साफ करावा. वरून येसर, काळं तिखट, शेंगदान्याचा कूट, घट्ट कालवन. साहेबांनी पहिला घास घेतला आन् हात थांबला. मनले, मावशी, तुम्ही याला काय केलंत? मी तोऱ्यात सांगितलं, दोनदा राख लावली, एकदा ताकात भिजवला, वासाला जागा ठिवली न्हाई. ते खाली मान घालून बसले. मला वाटलं हसून राहिलेत. बगते तर डोळ्यात पानी. मनले, आईनं स्वतः बाजारात जाऊन निवडून दिले होते. त्याला चिखलाचा वास नसतोच मावशी, नुसतं पाणी पुरतं त्याला, जो वास होता तो समुद्राचा होता. काय सांगू तुमाला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माऊलीनं शंभर कोसावरनं धाडलेलं मी राखेनं घासून टाकलं.

पन त्यांनी ताट ढकललं न्हाई. सगळं खाल्लं. हात धुताना मनले, मावशी, मी पाच गावं फिरलोय बदलीवर. नव्या गावात गेलो की पहिल्या दिवशी खानावळीत एकच विचारतो, आज काय आहे. जो म्हणतो सगळं आहे, तिथून उठतो. जो म्हणतो एवढंच आहे, तिथं बसतो. तुम्ही एवढंच म्हणालात. माझ्या कानात ते बसलं ते आजवर हाय.

जिल्हा होऊन दोन-तीन वर्सं झाली आन् पावसानं तोंड फिरवलं. एक साल गेलं, दुसरं बी गेलं. आधी भावाची टोपल्यावर टोपली येऊ लागली, टप भरून, मरळ, रहू, वाम, झिंगे. गिऱ्हाईक खुश, मालक खुश. मला मात्र बापाचं बहात्तर आठवलं. मनलं हे सुखाचं न्हाई. आन् तसंच झालं. एक दिस टोपल्याच्या जागी चिठ्ठी आली, कंडक्टरनं वाचून दावली. धरनात चिखल उरलाय, बाहेरची लोकं टेम्पो घिऊन येऊन खरवडून राहिलीत, शेवटच्या डोहात आपला जोडा सोडलाय, वरून बाभळीच्या फांद्या टाकल्यात, आता मासा मागू नको.

मी शांताची शाळेची पाटी घेतली, मनलं लिही, आज मासा न्हाई. ती मनली, आई, नाही असं लिहितात. मी मनलं, मी बोलते तसं लिही. पाटी दाराला टांगली. वर बोर्ड मासे मिळतील, खाली पाटी आज मासा न्हाई, आत पिठलं-भाकर. लोक हसू हसू बेजार. त्याच टायमाला कचेरीजवळ एक नवं हाटेल निघालं व्हतं, मोठ्या अक्षरात मालवनी लिहिलेलं, तिथं पेट्यांतला मासा यायचा, कवाचा ते देवालाच म्हाईत. त्याचा मालक माझ्याकडं आला, मनला, मावशी, तुमचं नाव चांगलं हाय, माझा माल घ्या, लोकाला मन्याडचा मनून सांगा, लोकाला काय कळतंय. मी मनलं परात दाव. त्यानं पेटी उघडली. डोळे पांढरे, कल्ला चिखलाच्या रंगाचा. मी मनलं बाबा, ह्यो मासा लातूरला यायच्या आधीच वैकुंठाला गेलाय, त्याला तितंच राहू दे.

आता खरी गोष्ट सांगते. गल्लीत टँकर चार दिवसांनी यायचा. घागरीची रांग लागायची, टँकर यायच्या आधीच, घागरीला घागर लावून. आमच्या गल्लीत एक किरानावाले व्हते, नाव घेत न्हाई, त्यांची लेकरं आता चांगली हायेत. त्यांनी चार मानसं गोळा केली आन् ठरवलं, मासेवालीला पानी द्यायचं न्हाई. का, तर ती मासे धुन्यात पानी नासवती. आता मासाच न्हाई तर धुवू काय, डोंबल? पन ते निमित्त. त्यांना बोर्ड काढायचा व्हता. मनले, बोर्ड खाली घ्या, साधी खानावळ चालवा, मग रांगेत उभं ऱ्हावा. मालक मनले, आगं काढ की, मासा बी न्हाई, पाऊस आल्यावर लावू पुन्ना. मी मनलं, तुमाला त्यांची नजर कळत न्हाई. एकदा खाली आला तर वर चढनार न्हाई. आन् बोर्ड गेला की खानावळ काय, मीच गेले, पुन्ना टोपलं घिऊन दारोदार फिरायचं, मागच्या दारानं. दोन येळा आमच्या घागरी रिकाम्या परत आल्या. मी स्टँडच्या पलीकडच्या इहिरीवरनं पानी आनलं, एका घागरीला दीड तास.

मालवनच्या साहेबांच्या कानावर गेलं. ते मनले, मावशी, मी सांगतो, टँकर तुमच्या दारात उभा करतो. मी हात जोडले, मनलं साहेब, तसं करू नका. तुमी सांगून पानी आलं तर ते तुमचं पानी व्हईल. तुमची बदली झाली की माझी घागर पुन्ना रस्त्यावर.

मग एक असं झालं की आजबी आठवलं की अंगाचा तिळपापड व्हतो. दोन दिस एक बी गिऱ्हाईक आलं न्हाई. पिठलं खायाला येनारे मोंढ्यातले हमाल बी न्हाई. मानूस दारापर्यंत यायचा, पाटीकडं बगायचा, आन् फिरून जायचा. शांता मामाकडं गेलेली, मालकाला अक्षर येत न्हाई, मला येत न्हाई. मी दारात बसून पाटीखालीच भाकरी थापून राहिले, मनात मनतेय, झालं तरी काय लोकाला? तिसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावरनं आले, पाटीम्होरं उभे राहिले, मनले, मावशी, कायमचं बंद केलंत? मला न सांगता? मी मनलं, काय कायमचं? तवा त्यांनी वाचून दावलं. कोनीतरी माझी पाटी पुसून लिहिलं व्हतं, खानावळ कायमची बंद. दोन दिस मी त्या अक्षराखाली बसले व्हते, ताई. माझ्या दारात, माझ्या पाटीवर, आन् मला कळलं न्हाई.

मला रडू आलं, मग राग आला, आन् राग टिकला. पाटी तितंच पदरानं पुसली. साहेबांना मनलं, बसा, पिठलं खा, आन् मला ते तीन शब्द काढाया शिकवा, मी मनते तसे. ते मनले, मावशी, सगळी बाराखडी शिकवतो. मी मनलं येळ न्हाई, तीनच पायजेत. चुलीच्या राखेत बोटानं काढून काढून शिकले. ज-ला दोन दिस लागले, न्हा तर हातातच येईना, भाकर करपली दोन येळा. पन चौथ्या दिवशी कोऱ्या पाटीवर मी माझ्या हातानं लिहिलं. वाकडं-तिकडं, पन माझं. आता दुसऱ्यानं काई लिहिलं तर मला लगेच कळनार व्हतं की हे माझं न्हाई.

दुसऱ्या दिवशी टँकर यायचा व्हता. मी सकाळीच घागर घिऊन गेले आन् रांगेत लावली. टँकर वळून येईपर्यंत बगते तर माझी घागर उचलून नालीच्या कडंला ठिवलेली. मी मनलं, ही कोनी काढली? मग ते किरानावाले मनले, बाई, तुमच्या घागरीला माशाचा हात लागतो. आमच्या घरात देवाचं पानी भरायचं असतं, तुमच्या घागरीला आमची घागर लावून कशी चालंल?

मी पदर खोचला. गल्लीतल्या बायका दारात, मानसं वट्ट्यावर, टँकरवाला पाइप हातात धरून उभा. मी मनलं, माझा आजा कंधारच्या पेठेत तुमच्यासारख्याच घरात पानी भरत व्हता. रातचं लावलेलं जाळं पहाटं काढायचा आन् त्याच हातानं कावड उचलायचा. ते पानी तुमच्या देवाला चाललं, तुमच्या सोवळ्याला चाललं, तुमच्या बाळंतिनीला चाललं. भोई पानी देत व्हता तवर त्याचा हात चांगला, आन् आज घ्यायला आला तर वाईट? ह्यो कुठला न्याय? आन् बोर्डाचं इचारताव तर ऐका. मासा आज न्हाई, ते मी लिहिलंय, माझ्या हातानं. नसताना हाय मनले न्हाई, आन् असताना न्हाई मननार न्हाई. बोर्ड ऱ्हानार. बोर्ड काढायचा आसंल तर आधी मला काढा.

एवढं बोलून मी घागर उचलली आन् जिथं व्हती तिथं, दुसऱ्या नंबरला, नेऊन ठिवली. माझ्या मागची घागर ज्याची व्हती त्यानं ती मागं ओढून घेतली. मदी एवढी जागा रिकामी पडली. कोनी हलंना. टँकरवाला मनला, सोडू का पाइप? तवा अप्पा आपल्या वाड्यातून आले, हातात तांब्याची घागर, पूजेची. इकडं बगितलं न्हाई, तिकडं बगितलं न्हाई, त्या रिकाम्या जागेत, माझ्या घागरीला खेटून, आपली घागर ठिवली. ठन्न आवाज झाला. कोनाला शिवी न्हाई, माझ्याकडं बगून हसनं न्हाई. टँकरवाल्यानं पाइप सोडला.

किरानावाल्यांनी आपल्या घागरी उचलल्या आन् महिनाभर दुसऱ्या गल्लीत पानी भरलं. बाकीच्यांच्या एकेक करून रांगेत आल्या, तहान कोनाला सुटली हाय? मी अप्पांचे पाय धराया गेले तर ते दोन पावलं मागं सरकले. मनले, गैरसमज करून घिऊ नको, मला माशाचा वास आजबी सहन व्हत न्हाई. पन माझ्या आईचं माहेर कंधारचं. ती सांगायची, पहाटं भोयाच्या कावडीची करकर ऐकू आली की आमचा दिवस उगवायचा. ती मानसं तुझीच असतील. मी घरी आले तर मालक स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं बोर्ड पुसून राहिलेले, त्या तसल्या कंबरेनं. मी मनलं, एवढ्या कष्टानं आनलेलं पानी बोर्डावर घालताव व्हय? पन मनात लई बरं वाटलं.

त्याच्या पुढल्या साली धरनात पानी आलं. तरी पाटी उतरली न्हाई, पानी आलं मनून मासा लगेच येत नसतो. पावसाळ्यात मासा अंडी घालतो, तवा बी आमच्यात धरत न्हाईत. मग एक दिस भाऊ सोता आला. टपावर न्हाई, गाडीत बसून, मांडीवर घागर, घागरीत जिती मरळ. मनला, आक्के, ह्या बारीला कंडक्टरच मनला आत बस, सगळ्या गाडीला मासा बगायचाय. बापाच्या दस्तुराचा जोडा टिकला व्हता, त्याच्या पोटची व्हती ती. मी परातीत घेतली आन् आख्ख्या गल्लीतनं फिरवली. किरानावाल्यांच्या दारात जरा जास्त येळ थांबले. खोटं कामून सांगू?

साहेबांच्या बदलीचा हुकूम आला व्हता. त्यांच्याम्होरं परात ठिवली. त्यांनी कल्ला उघडला, लाल भडक. मनले, मावशी, दीड वर्ष मी लातूरात मासा खाल्ला नाही. मी मनलं, त्या मालवनी हाटेलात कामून गेला न्हाईत, ते तर तुमच्या गावचं नाव लावून बसलंय. ते मनले, तिथं सगळं मिळत होतं. आन् हसले. जाताना पाया पडले माझ्या, एवढा साहेब मानूस.

आता मालक न्हाईत, अप्पा न्हाईत. गाळा अप्पांच्या लेकानं मलाच ठिवलाय. मदी लातूरला रेल्वेनं पानी आनायची पाळी आली, तवा बी पाटी लई महिने टांगलेली व्हती. चूल शांता बगती. तिची लेक, माझी नात, मोबाइलवर बगती लोक काय लिहितेत. परवा वाचून दावलं, एकानं एकच चांदनी दिली आन् लिहिलं, बोर्डावर मासे आन् आत पिठलं. मी मनलं, खरंच लिहिलंय लेकरानं, पुसू नको. नातीला नवा बोर्ड लावायचाय, दिव्यांचा, सर्व प्रकारचे मासे मिळतील असा. तिला सांगितलंय, मी गेल्यावर तुझ्या मनाला येईल तसले दिवे लाव, पन सर्व हा शब्द लिहिलास तर मी तिरडीवरनं उठून येईन.

तुमी गावोगाव फिरताव ना ताई? फिरा. चांगलं खा, पोटाला आराम द्या, सुखात ऱ्हावा. आन् मासा खायचा झाला तर मोबाइल नंतर बगा, आधी दारात उभं राहून इचारा, आज काय हाय. पुढचं तुमाला आपोआप कळंल.

काय मनता, ह्या लिहिलेल्याखाली माझी सही? सही मला येत न्हाई. मतदानाला बी अंगठाच लावते. पन थांबा, अंगठा नको. तुमी एवढं लिहून घेतलंत, त्यातलं एक अक्षर मला वाचता येत न्हाई. तुमी चांगल्या घरच्या दिसताव, खरंच लिहिलं आसंल. पन माझ्या पाटीवर एकदा दुसऱ्यानं लिहिलं व्हतं आन् मी दोन दिस त्याच्याखाली बसले व्हते. मनून ह्या कागदाच्या शेवटी माझ्या हातानं मी लिहिनार. मला तीनच शब्द येतेत. पेन द्या इकडं.

घ्या. आज मासा न्हाई. एवढं माझं हाय ताई. त्याच्या वरचं खरं ठिवायचं काम तुमचं.